दारालगतची जागा

आणि दादा, 'नाचून कोणी मरतं का रे?' हे तू परवा फोनवर पुन्हा विचारलंस. वर म्हणालास, "रंगाऱ्याच्या पोराने शिडीवरून पडून मरावं, ते निदान चार लोकांत सांगता येतं." मागे आई हसली, ते मला ऐकू आलं. हसा. पण मी मृत्युपत्र करतोय म्हटल्यावर 'तुझ्याकडे ठेवण्यासारखं आहे काय?' असं जे तू विचारलंस, ते मला लागलं. त्याचं उत्तर म्हणून हा कागद. सातवीतून शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस. तुझंही अक्षर मी पाहिलंय. पाट्या रंगवतोस म्हणून ते बरं दिसतं एवढंच.

तर मी, तुझ्या पाठचा, घरात ज्याला भिंगरी म्हणतात तो, वय सव्वीस, धंदा नाच, राहणार जिथे प्रयोग असेल तिथे, असं लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीत आहे. प्यायलेलो नाही. अंगात ताप नाही. दुपारचं जेवण पोटभर झालंय. हे कोणी मागे उभं राहून माझ्याकडून लिहून घेत नाहीये. हे शेवटचं वाक्य मी दोनदा मागे वळून बघून मग लिहिलं.

कायद्याचे शब्द कपडेपट सांभाळणाऱ्या शिंपीणमावशींकडून उसने घेतलेत. त्यांच्या यजमानांच्या मृत्युपत्राची नक्कल त्यांनी जपून ठेवली आहे. त्यात यजमानांनी शेजाऱ्याला आपली काठी ठेवली होती, 'ज्याने ती दोनदा चोरली त्यालाच' असं लिहून. मावशी म्हणाल्या, "मनातलं सगळं लिही रे. नंतर बोलायला कोण येतंय?"

कलम पहिले, स्थावर. बाबांच्या दोन खोल्यांत माझा जो तिसरा हिस्सा आहे, तो आई आहे तोवर आईचा, आईनंतर आपल्या धाकट्या बहिणीचा. तुझा नाही. माझ्या झोपायच्या जागेवर तू रंगाचे डबे रचलेस आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. मी सुट्टीत आलो तेव्हा मला डब्यांना डोकं लावून झोपावं लागलं, आठवडाभर केसांना टर्पेंटाइनचा वास. त्याचा राग गेलेला नाही. मात्र बाबांची शिडी तुझी. तिच्यावर वरच्या पायरीला एका पायावर उभा राहून मी दोन्ही हात सोडायचो आणि बाबा खालून शिव्या द्यायचे. माझा नाच तिथे सुरू झाला, एवढं ध्यानात ठेव आणि शिडी विकू नकोस.

कलम दुसरे, जंगम. लोखंडी ट्रंक, चटई, दोन जोडी गुडघ्याचे पट्टे. पट्टे पहिल्या कंपनीतले. ती कंपनी शाळाशाळांतून फिरायची. आम्ही पांढऱ्या पोत्यांत शिरून दात व्हायचो आणि मी किडलेला दात. पोरं मला खडूचे तुकडे मारायची. पण तिथे मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की तू हललास की बघावंसं वाटतं. किडलेला असलो तरी. पट्टे धाकटीला.

तिथून मी पडणाऱ्या सरांकडे गेलो. त्यांचा नाच म्हणजे पडणं. उभ्याने पडायचं, चालता चालता पडायचं, बोलता बोलता पडायचं. सकाळपासून दुपारपर्यंत पडायचं आणि मग जेवायला बसताना कोणी नीट बसलं की सर म्हणायचे, "वा, आज तुम्ही जमिनीशी भांडला नाहीत." मी एवढ्या ठिकाणी राबलो, पण माणूस म्हणून मोठा हाच. पडताना अंग कसं सैल सोडायचं, डोकं शेवटी कसं टेकवायचं, हे जे मला येतं ते सगळं धाकटीला ठेवतो. कागदावर देता येत नाही, म्हणून सरांचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिला आहे. तिने तिथे जावं. मी त्यांच्याशी बोललो आहे. ते म्हणाले, "पाठव. तुझ्यापेक्षा तिला कमी लागेल अशी आशा."

तिसरी कंपनी बंद पडलेल्या कापड कारखान्यात नाचायची. लोक यंत्रांमधून चालत चालत बघायचे. तिथल्या दिग्दर्शकाने माझी उडी घेतली. मी काढलेली उडी, जिच्यात वर गेल्यावर माणूस क्षणभर विसरल्यासारखा लटकतो. त्याने ती चौघांना शिकवली आणि पत्रकात 'रचना' म्हणून स्वतःचं नाव टाकलं. दादा, तुला यात काय एवढं असं वाटेल, पण तू केलेल्या भिंतीवर दुसऱ्याने सही केली तर तू शिडीसकट त्याच्या घरी जाशील. ती उडी माझी आहे हे मी इथे साक्षीदारांसमोर लिहून ठेवतो, आणि जो कोणी ती करतो त्याने ती करावी, फक्त दर वेळी वर गेल्यावर त्याला माझी आठवण यावी, असा शाप देतो. शाप कायद्यात बसत नसेल तर तेवढी ओळ खोडली असं समजावं.

कलम तिसरे आईला वाचून दाखवू नकोस. तिथे पोचलास की खोकल्यासारखं कर आणि पान उलट.

कलम तिसरे. आत्ताच्या कंपनीतली माझी जागा.

आमच्या धंद्यात जागा हातोहात जाते. जाणारा येणाऱ्याला समोर उभा करतो आणि लावून देतो: इथे श्वास घे, इथे पाय हलका ठेव, इथे शेजारीण उशिरा येते, तिची वाट बघ. बाईंच्या, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेच्या या नाचात आम्ही सगळे एका दारातून येतो आणि भिंतीला धरून रांगेने सरकत जातो. तासभर एवढंच. माझी जागा दारालगतची, रांगेत सगळ्यात शेवटची. ही जागा ज्याने पहिल्यांदा केली तो कोणालाच लावून देऊ शकला नाही, कारण तो वारला. त्याचं एकच चित्रण आहे. त्याच्यावरून माझ्या आधीचा, आम्ही ज्याला लांब्या म्हणतो तो, शिकला. लांब्याने दोन हंगाम केल्यावर मध्येच सोडून दिलं, म्हणून मीही त्या चित्रणावरूनच शिकलो.

त्या चित्रणात नाचाच्या मध्यावर या पहिल्याची टाच सरकते. डावा हात गळ्याखालच्या हाडावर जातो. आणि तो मान वळवून विंगेत बघतो, घरात कोणी हाक मारल्यावर बघतात तसं. तो वळला की सगळी रांग थांबते आणि पुढचा नाच तिथून सुरू होतो. प्रेक्षक त्या जागी श्वास धरतात. मी रोज ऐकतो, सगळं थिएटर एकदम रिकामं झाल्यासारखं होतं.

तालीम घेणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही मुकादम म्हणतो आणि त्यांनाही ते ठाऊक आहे, त्यांनी मला ही एक जागा पंधरवडाभर घोटायला लावली.

"लवकर वळलास."

"मोजूनच वळलो."

"मोजू नकोस. हाक ऐकू आली की वळ."

"कोणाची हाक?"

"अरे नाच ना बाबा! मी काय चौकशीची खिडकी आहे?"

पहिला हंगाम मी नाटक करत वळलो. दुसऱ्या हंगामात, दौऱ्यावरच्या एका दुपारच्या प्रयोगात, मी वळायच्या आधी हाक आली. "भिंगरी." ओरडून नाही. जेवण वाढून ठेवल्यावर आतून हाक मारतात तशी, थोडी कंटाळलेली. आवाज ओळखीचा नव्हता. मी वळलो. विंगेत पाण्याची बादली, दिव्याचा स्टँड आणि काळा पडदा. दादा, इथे कोणाला माझं घरचं नाव माहीत नाही. मी कधी सांगितलेलं नाही, हसतील म्हणून.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला.

मी लांब्याला शोधून काढला. तो आता एका तरणतलावावर तिकिटं फाडतो. मी त्याला हाकेचं काही सांगितलं नव्हतं, नुसता म्हणालो की मी आता दारालगतचा आहे. त्याने तिकिटांचा गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, "तुला काय म्हणून बोलावतात?"

मग तोच म्हणाला, "मला 'सोन्या' म्हणायचे. माझी आजी म्हणायची तसं. पण ती आजी नव्हती रे. आजीला घाई असायची. याला घाई नाही." एवढं बोलेस्तोवर त्याचा डावा हात गळ्याखाली गेला आणि त्याने मागे भिंतीकडे पाहिलं. भिंत होती, दादा. निळ्या फरशांची कोरी भिंत. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "आत्ता मी वळलो का?"

मी "नाही" म्हणालो.

बाईंना विचारलं ते त्यानंतर. त्या चहाचा कप हातात धरून बसल्या होत्या. मी म्हणालो, बाई, ते वळणं तुम्ही कशावरून बसवलं? त्या म्हणाल्या, "मी नाही बसवलं ते. त्या दिवशी तो घसरला, मी समोरच बसले होते. नंतर लांब्याने तसंच केलं तेव्हा मला वाटलं, पोराने त्याची आठवण म्हणून ठेवलं. छान दिसत होतं. राहू दिलं." मुकादम शेजारीच होते. ते म्हणाले, "मी चित्रणात होतं तसं शिकवलं. मला वाटलं तुमचंच."

मग बाईंनी उरलेलं सांगितलं. चित्रण झालं त्याच प्रयोगाला पहिला शेवटी नमस्काराला आला नाही. तो विंगेत बादलीशेजारी बसलेला सापडला, हात गळ्याखाली, मान वळलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

तुला कळेल असं सांगतो. ओल्या रंगात कोणाचा तरी हात पडला, जाता जाता तोल सावरताना. आणि त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक रंगाऱ्याने तो पंजा नक्षी समजून त्याच जागी पुन्हा काढला, नीट, घोटून, आधीपेक्षा ठळक. त्याचं शेवटचं घसरणं आम्ही पाऊल म्हणून शिकलो. आणि ज्याने त्याला हाक मारली त्याला आम्ही रोज, ठरलेल्या वेळी, तिकीट लावून, पुन्हा हाक मारायला बोलावतो.

मी म्हणालो, बाई, काढून टाका. त्या म्हणाल्या, "काढून टाकलं तर उरतं काय? लोक तेवढ्यासाठी येतात."

म्हणून एका प्रयोगाला मी मुद्दामच वळलो नाही. टाच घट्ट रोवली, हात मांडीला दाबून धरला, समोरच्याच्या पाठीवर डोळे ठेवले. हाक आली, मी दात आवळले. तेव्हा माझ्या पुढची मुलगी वळली. तिची जागा वेगळी, तिला ते पाऊल कोणी शिकवलेलं नाही. तिची टाच सरकली, हात गळ्याखाली गेला, अगदी पहिल्यासारखा, माझ्याहून चांगला. रांग थांबली, नाच पुढे गेला, टाळ्या पडल्या. नंतर रंगपटात ती मेकअप पुसता पुसता म्हणाली, "कमाल आहे. माझे आजोबा मला 'ठमे' म्हणायचे. आज ते आले होते का रे?" तिचे आजोबा कधीच वारलेत, हे तिला स्वतःलाच थोड्या वेळाने आठवलं. मग तिने कापूस खाली ठेवला आणि आरशाकडे पाठ करून बसली.

त्या दिवसापासून मी चुकवलेलं नाही. मी नाही घेतलं तर ते शेजाऱ्याकडे जातं.

कलम तिसरे संपलं. आता खोकला थांबव.

कलम चौथे. धाकटीबद्दल, आणि हा कागद मुळात याच्याचसाठी आहे.

माझा करार या हंगामाबरोबर संपत होता. मुकादमांनी मला न विचारता, माझ्या जागी धाकटीला पाठवा असं, घरी पत्र धाडलं, कारण त्यांनी धाकटीचा फोटो माझ्या ट्रंकेवर पाहिला होता. मला म्हणाले, "तुमच्या घरची चण एकच आहे. कपडेसुद्धा शिवावे लागणार नाहीत." तू तिच्या वतीने सही केलीस आणि उचल घेतलीस. का घेतलीस ते मला ठाऊक आहे, आईचा डोळा. त्याबद्दल मी चकार शब्द काढत नाही. पण मला आधी एक फोन केला असतास तर तुझ्या शिडीचं काय बिघडलं असतं?

त्यांनी शिकायला म्हणून धाकटीला ते चित्रण पाठवलं. तू कौतुकाने तिचा व्हिडिओ मला पाठवलास, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी नाचताना. ती चांगली नाचते, दादा. माझ्यापेक्षा चांगली. मध्यावर आली, टाच सरकली, हात वर गेला आणि तिने मागच्या दाराकडे पाहिलं. तिथपर्यंत मी समजू शकतो, शिकलेलं आहे. पण तू तो व्हिडिओ पुन्हा बघ आणि धाकटीकडे बघू नकोस. मागे आई भांडी विसळत बसली आहे. धाकटी वळायच्या जरा आधी आईच्या हातातलं पातेलं थांबतं आणि आई दाराकडे बघते.

मी तुला फोन करून विचारायला लावलं. तू हसत हसत परत येऊन सांगितलंस, "ती म्हणते, कोणीतरी हाक मारल्यासारखी वाटली. दूधवाला असेल." दूधवाला आईला तिच्या माहेरच्या नावाने बोलावतो का, हे तू विचारलं नाहीस. मी नंतर आईलाच विचारलं, हाक माहेरच्या नावाने होती का. ती लाजली आणि म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

धाकटीशी मी बोललो. ती म्हणाली, "भिंगऱ्या, तुला जागा सोडवत नाही म्हणून मला भुतं दाखवतोस होय? मी काय आता लहान आहे?" मी म्हणालो, नाच, खुशाल नाच, जन्मभर नाच, ही एक जागा सोडून. ती म्हणाली, "मग तू का सोडत नाहीस?" त्याचं उत्तर हा कागद आहे, तिला वाचून दाखव.

तर मी असं लिहून ठेवतो की दारालगतची जागा, तिच्यातलं सरकणं, हात आणि वळणं, यांतलं काहीही मी कोणालाही देत नाही. बहिणीला नाही, कंपनीला नाही, मागितलं तरी नाही. मी ते कोणाला लावून देणार नाही. माझं कोणी चित्रण करायचं नाही. दिवेवाले काकांनी कबूल केलंय की कॅमेरा दिसला तर त्या जागी ते दिवा घालवतील. कंपनीच्या कपाटातलं जुनं चित्रण मावशींनी पुसलं, ते कसं हे मी लिहीत नाही, त्यांची नोकरी आहे. धाकटीच्या फोनमधलं तू आज पुस. तुझ्याही. पुसताना शेवटचं एकदा म्हणून बघू नकोस. बघशील, मला माहीत आहे तू कसा आहेस, पण निदान आई घरात नसताना बघ.

कलम पाचवे. मला न्यायची वेळ आलीच तर विंगेतून काढू नका. प्रेक्षकांच्या दाराने काढा, पायऱ्या जास्त आहेत तरी. आणि माझ्याजवळ उभं राहून मला भिंगरी म्हणून हाक मारत रडू नका. आईलाही सांग. शाळेच्या दाखल्यावरचं नाव घ्या. ते मला परकं वाटतं, तेच बरं. भिंगरी म्हणून हाक आली तर मी वळणार, ती सवय आता माझ्या हातात राहिलेली नाही, आणि कोण हाक मारतंय हे मला तेव्हा कळायला हवं.

कलम सहावे. फोनची काच फुटली आहे, तरी तो आईला. मुकादमांना मी काही ठेवत नाही. बाईंना मी माझा नमस्कार ठेवतो, शेवटी रांगेत उभं राहून करतात तो. तो एकदा बाकी राहिला तर त्यांनी तो विंगेत शोधू नये, इथे आहे असं समजावं.

मी लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं. माझ्या मनासारखं आहे. याआधी असा कागद केलेला नाही, आणि यानंतर माझ्या नावाने दुसरा कोणी दाखवला तर माझा समजू नये.

ठिकाण: थिएटरच्या मागची कपडेपटाची खोली, इस्त्रीच्या टेबलावर.
दिनांक: १९ नोव्हेंबर.
सही: (आहे)

साक्षीदार एक, शिंपीणमावशी: माझ्यासमोर सही केली. पोरगा शहाणा आहे. थोडा बारीक झालाय.

साक्षीदार दोन, दिवेवाले काका: समक्ष सही केली. सही करताना एकदा थांबून त्याने मागे पाहिलं. मागे कपड्यांच्या रांगा होत्या. मीही पाहिलं.

दादा, कायद्याचं संपलं, आता व्यवहाराचं. हंगाम सुरू व्हायच्या आत उचल परत गेली तर धाकटीचा करार आपोआप रद्द होतो, मी तो कागद मावशींकडून दोनदा वाचून घेतलाय. तू उद्या स्वतः जाऊन भर आणि पावती घे. आईच्या डोळ्यासाठी खर्च झाले ते झाले, त्याचा विचार करू नकोस. लांब्याने दोन हंगाम काढले, माझेही दोन झाले. तिसरा हंगाम त्या जागेवर अजून कोणी केलेला नाही. काल मी त्या तिसऱ्या हंगामाच्या करारावर सही केली, आणि त्यांनी मला दिलेली उचल तिच्याइतकीच निघाली. एवढी एकच गोष्ट सरळ झाली. सगळी पाठवतोय, यातलं मी काही ठेवलेलं नाही: छत्तीस हजार, अक्षरी छत्तीस हजार फक्त.